तशी भाषा

दादरच्या स्टुडिओत एका परदेशी मालिकेचं मराठी डबिंग चाललं होतं. त्यातल्या काळ्या गुलाम बाईला वैशालीचा आवाज होता. गोरा मालक तिचं मूल विकायला निघतो आणि ती त्याच्या पाया पडते, असा प्रसंग. वैशालीनं संवाद म्हटला, तसं दिग्दर्शकानं थांबवलं.

"फार शुद्ध होतंय. ती गुलाम वाटायला हवी."

"पण सर, मूळ इंग्रजीत ती मालकासारखंच बोलतेय."

"असू दे. तू जरा तशी भाषा काढ ना. आपल्याकडे ते लोक बोलतात तशी."

वैशालीनं हेडफोन काढला, पुन्हा लावला. परळच्या आपल्या चाळीबाहेर ती भाषा तिनं कधी काढली नव्हती. मग तिनं डोळे मिटले.

"माज्या लेकराला इकू नगा, मालक. त्येच्याबिगर म्या कशी जगू?"

दिग्दर्शकाचे डोळे पाणावले. "कमाल केलीस. कुठे शिकलीस गं ही भाषा?"

"ही नाही शिकले, सर," वैशाली म्हणाली. "शिकावी लागली ती आत्ता तुमच्याशी बोलतेय ती."