तहाची अट

विहीणबाईंच्या किल्ल्याचा दरवाजा आता पडणारच होता. आजींनी हातातली शेंग ताटात टाकली, ओला अंगठा पुसला आणि डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर पुन्हा दाबला. चिमुकल्या सैनिकांची रांग पुढे सरकली.

पलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. नातीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. तिचं करायला दोन्ही आज्या आल्या होत्या, आणि पडल्या पडल्या वेळ जाईना म्हणून तिनंच दोघींना हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ शिकवला होता. तिचा किल्ला मधोमध, आज्यांचे दोन बाजूंना. पण विहीणबाईंनी पहिल्याच दिवशी आपलं बरंचसं सैन्य नातीच्या वेशीवर पहाऱ्याला नेऊन ठेवलं आणि स्वतः तिच्या पलंगावर ठाण मांडलं. स्वयंपाकघर आजींच्या वाट्याला आलं, ते कुणी न ठरवताच.

"अगं आजी, माझ्या आजीला संपवतेस की काय!" नात आतून ओरडली.

माझ्या आजीला. आजींनी शेंगेचं टोक जरा जोरातच मोडलं. "लढाई म्हटली की लागायचंच. हरायला लागल्या वाटतं तुझ्या आजी?"

"हरत नाहीये, माघार घेतेय," विहीणबाईंचा आवाज आला. "अगं बाई, अर्धे तर वाटेतच मेले की गं!"

"नुसतं पळालं की तसंच होतं," नात म्हणाली. "थांब, तह मागू. तहात कुणी मरत नाही, सगळे आपापल्या घरी. आजी, तुला पाठवलाय बघ."

पडद्यावर पांढरा झेंडा आला. खाली 'मान्य', 'अमान्य' आणि 'अट घाला'. आजींनी चष्मा नीट केला. अटी बऱ्याच होत्या: खंडणी, कैदी, नदीवरचा पूल. आजींना त्यातलं काहीच नको होतं. त्या खाली खाली सरकवत गेल्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. दुसऱ्यांच्या किल्ल्यातले पहारे मागे घ्यावेत.

त्यांनी ती दाबली.

"अट घातलीय हो, विहीणबाई!"

"घाला की. मुलीकडचे आम्ही, आम्हाला कुठं नाही म्हणता येतंय," विहीणबाई हसत म्हणाल्या. "हे घ्या, मान्य!"

आजींनी हात धुतले. केस सारखे केले. आता आपलं सैन्य वेशीवर लावायचं आणि आपण आत जाऊन बसायचं. शेंगा राहिल्या तर राहू देत. हीच पोर कधीकाळी त्यांच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नसे.

त्या दारात पोचल्या तेव्हा नात हसत नव्हती.

"आजी, हिचा पहारा काढायला लावलास? माझी वेस उघडी पडली ना!"

"मग माझं सैन्य काय मेलंय? आत्ता पाठवते." आजींनी दाबलं. काहीच हललं नाही. पुन्हा दाबलं.

"तह झालाय आजी. उद्यापर्यंत तुम्हा दोघींनाही किल्ल्याबाहेर पाऊल टाकता येत नाही."

खेळातला कुणीतरी परका, काळ्या झेंड्याचा, टपूनच बसला असावा. त्याचे घोडेस्वार नातीच्या वेशीतून आत शिरले. धान्याची कोठारं पेटली, मग तबेले. तिघींच्या तीन मोबाइलांवर तीच आग दिसत होती.

"किती महिने बांधत होते मी हे," नात म्हणाली. तेही आजींना नव्हे, असंच.

तिनं रागवावं, टाकून बोलावं, म्हणून आजी वाट बघत राहिल्या. पलंगाच्या एका बाजूला उशांवर तिचा पाय होता, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. आजी हातात मोबाइल धरून दारातच उभ्या.

विहीणबाईंनी आता कुठं चष्मा लावला आणि मघाशी न वाचताच मान्य केलेली अट वाचली. दोनदा वाचली असावी. मग चष्मा काढून त्यांनी आजींकडे पाहिलं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "नुसतं म्हणाला असतात, तरी मी उठले असते."

आणि त्या खरंच उठायला लागल्या. जळत्या किल्ल्यावरची नजर न काढता नातीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं.