मागच्या सीटखाली

एकदा बंद पडलेली ती जुनी, देखणी गाडी कित्येक वर्षं गॅरेजमध्ये धूळ खात होती. आज गाडीखाली शिरून नवाकोरा फ्युएल पंप बसवूनही ती ढिम्म सुरू होईना, तसा नवरा पंप विकणाऱ्याचा उद्धार करू लागला. दुसऱ्याच्या माथी खापर फोडण्यात हा गृहस्थ पहिल्यापासून पटाईत!

"अहो, मागची सीट उचलून वायर बघितलीत?" तिने विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" असं खेकसतच त्याने सीट उचलली. पंपाकडे जाणारी वायर उपटलेली होती, आणि तिच्या टोकाला लाल खड्याचा एक डूल शिवणाच्या दोऱ्याने घट्ट बांधलेला होता.

त्याने झटकन डूल मुठीत झाकला.



"वायर जोडा आणि जिचा आहे तिला नेऊन द्या," ती म्हणाली. "पेट्रोल मात्र जाण्यापुरतंच भरा."