यश अजून आला नव्हता

"यश आला नाय अजून. काय करूया गो, सोडू गाडी?" बाळकृष्णकाकांनी मागे वळून विचारलं. "आज तू म्हणशील तसं."

मागच्या सीटवरच्या पूर्वाने काचेतून बाहेर पाहिलं. ओमानमधल्या जबल अख्दर डोंगराच्या माथ्यावर रात्रभर गारा पडल्या होत्या. हॉटेलच्या फाटकापासून घाटापर्यंतचा रस्ता पांढरा झाला होता. काकांनी काचेवरचा बर्फ पाणी ओतून नुकताच उतरवला होता. हॉटेलची ही गाडी मुलांना खाली निझवा शहरातल्या शाळेत न्यायची. अशा हवेत घाट उतरायला वेळ लागायचा. आणि आज शाळेत गॅदरिंग होतं. हॉटेलच्या मॅनेजरसाहेबांचा आठ वर्षांचा यश नाटकात राजा होता.

आता फक्त "चला" म्हणायचं होतं. महिनाभर पूर्वा हा एकच शब्द मनात घोळवत होती.

महिन्यापूर्वी असाच गारठा होता. यशच्या घरातला हीटर बंद पडला म्हणून पूर्वाच्या बाबांना पहाटेच बोलावणं आलं. आई हॉटेलच्या लाँड्रीत पाळीवर. पूर्वाने स्वतःच वेणी घातली, डबा भरला आणि धावत सुटली. गाडी उभी होती. पुढच्या सीटवर यशची आई, नयना आंटी. त्यांना निझवाला खरेदीला जायचं होतं. पूर्वाने हाक मारली. आंटींनी वळून पाहिलं. तिच्याकडेच पाहिलं. आणि गाडी निघाली. पूर्वा मागे धावली, बर्फावरून घसरली, दोन्ही गुडघे फुटले. "त्या म्हणाल्या, चला, ही रोजचीच उशिरा," काकांनी नंतर खाली मान घालून सांगितलं. ती रोज उशिरा येत नसे.

त्या दिवशी शाळेत धावण्याच्या संघाची निवड होती. डोंगरावर, विरळ हवेत धावणारी पूर्वा नक्की निवडली गेली असती. संघ तिच्याशिवाय भरला. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, साहेबांची बायको आहे." पूर्वाने जाऊ दिलं नाही.

"सोडू?" काकांनी पुन्हा विचारलं.

"नको."

ती दार उघडून खाली उतरली. वारा कानात सुयांसारखा घुसला.

"अगो, आत बस! गारठशील."

"आतून मी दिसणार नाही, काका."

ती गाडीसमोर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. बोटं बधिर झाली, नाक वाहू लागलं. ती हलली नाही.

शेवटी आंटी आल्या. घरातल्याच सपाता, विस्कटलेले केस, एका हातात यश, दुसऱ्या हातात त्याचा सोनेरी मुकुट. गाडी दिसताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थँक गॉड! अलार्मच झाला नाही गं. मला वाटलं, गेली गाडी. पूर्वा, तू थांबवलीस?"

पूर्वाने होकारार्थी मान हलवली. यश गाडीत चढला. आंटींचं लक्ष तिच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे गेलं, मग गुडघ्यांकडे. मोज्यांच्या वर जखमेचे डाग अजून दिसत होते. आंटींचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुला... मला सोडून जायचं नव्हतं का गं? म्हणजे, यशला?"

"जायचं होतं. खूप."

"मग गेली का नाहीस?"

पूर्वाचं मराठी अडखळायचं. पण हे वाक्य ती एका दमात बोलली.

"गेले असते, तर आपली फिट्टंफाट झाली असती, आंटी."