ज्ञात वजन

"गॅर्युलस. म्हणजे कंजूष."

"चूक," वडील म्हणाले. "काटा हलला."

मुलीचा जीव भांड्यात पडला. गॅर्युलस म्हणजे बडबड्या, हे तिला पक्के ठाऊक होते. चूक तिने मुद्दाम केली होती.

वडिलांचे आयुष्य प्रयोगशाळांतले नाजूक तराजू दुरुस्त करण्यात गेले होते. तराजूवर त्यांचा कधीच विश्वास नसे. आधी ज्ञात वजन ठेवायचे, काटा खोटे बोलतो का ते पाहायचे, मगच पुढचे काम. ही रीत मुलीने त्यांच्याकडूनच उचलली होती आणि आता त्यांच्यावरच वापरत होती.

खेळ सुरू झाला तो तिच्या परीक्षेसाठी. कार्डाच्या एका बाजूला अवघड इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. कार्ड दोघांच्या मधे धरून ती शब्द वाचे, अर्थ सांगे; समोरून मागची बाजू पाहून वडील निकाल देत. परीक्षा झाली, परदेशात प्रवेशही मिळाला. तेवढ्यात वडील घराचा रस्ता चुकू लागले. "अक्षरओळख टिकून आहे तोवर त्यांचं निभेल," डॉक्टर म्हणाले होते. "ती गेली, की हे दुखणं फार पुढं गेलं असं समजा." म्हणून खेळ चालूच राहिला. परीक्षार्थी तेवढा बदलला होता, आणि ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

"अगं, किती तपासशील माझ्या भावाला?" आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली. "त्याची अक्कल जागेवर आहे. माझी कधी नव्हती, तरी मला कोणी विचारलं नाही. तू बिनघोर जा. मी आहे ना इथं!"

विद्यापीठाला होकार आजच कळवायचा होता. वडिलांनी आजवर तिची एकही खोटी चूक सोडली नव्हती. तरी मुलीला शंका आली: जुन्या कार्डांचे अर्थ त्यांना ऐकून ऐकून पाठ झाले असतील तर? शेवटची खात्री म्हणून तिने दुपारी नवी कार्डे केली होती. तिने त्यांतले पहिले उचलले.

"इक्वॅनिमिटी. म्हणजे मनाचा तोल."

"बरोबर," वडील म्हणाले.

कार्ड खाली ठेवताना ते उलटे पडले. मागची बाजू कोरी होती.

दुपारी शब्द लिहून झाल्यावर आत्येने हाक मारली होती. अर्थ लिहायचे राहूनच गेले होते.

मुलीने उरलेली कार्डे चाळली. सगळी कोरी. वडील शांतपणे पुढच्या शब्दाची वाट पाहत होते. एका निकालावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हेही त्यांनीच शिकवले होते. तिने दुसरे कार्ड मधे धरले.

"टॅसिटर्न. म्हणजे... उधळ्या."

"चूक. काटा हलला."

कोऱ्या पुठ्ठ्यावरून त्यांनी चूक पकडली होती. आता तिने प्रथमच कार्डाच्या वरून त्यांच्याकडे पाहिले. त्यांची नजर कार्डावर नव्हतीच. ती तिच्या चेहऱ्यावर होती. तराजूच्या काट्यावर असायची तशी, स्थिर आणि बारीक. अक्षरे केव्हा गेली, हे कळायला आता काहीच मार्ग नव्हता. एवढे दिवस त्यांनी फक्त तिला वाचले होते.

आत्येचा हात भाजीतच थांबला.

मुलीने कार्डे एकावर एक रचली. कडा नीट जुळवायला तिला वेळ लागला. मग तिने चेहरा शक्य तितका कोरा केला.

"बाबा, मी होकार कळवत नाहीये. मला नाही जायचं तिकडं. इथंच बरं वाटतं मला."

वडील पुढे झुकले. तराजू पूर्ण थांबेपर्यंत ते जसे वाट पाहत, तशी त्यांनी वाट पाहिली.

"चूक," ते म्हणाले.