लाल बटण

सोलच्या गेम कंपनीत ओकबुन आपल्या लेकीचा, दाओनचा, आवाज ऐकायला आली होती. दाओनने गेममधल्या यंत्रमुलीला आवाज दिला होता. गेम बाजारात यायच्या आधीच ती न्यूमोनियाने गेली. दिग्दर्शक प्योने गेम लावून दिला. दोनशे वर्षांनंतरच्या सोलमध्ये कारखान्यातून पळालेली यंत्रमुलगी दाओनच्या आवाजात विनवत होती, "मला बंद करू नका. भीती वाटते." "लाल बटण दाबा, काकू," प्यो म्हणाला. "तिला बंद केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही." "नाहीच दाबलं तर?" "विनवत राहील." ओकबुन तासभर ऐकत बसली. मग म्हणाली, "किती खरं रडलीय पोर." "रेकॉर्डिंगच्या दिवशी अंगात ताप होता ना," प्यो कौतुकाने म्हणाला. "घरी जाते म्हणत होती. चाळीस वेळा म्हणवून घेतलं, तेव्हा कुठे जमलं." "दमलीस गं," म्हणत ओकबुनने बटण दाबलं. "सगळेच दाबतात शेवटी," प्यो म्हणाला.