पाळी येईपर्यंत

“माझ्याकडे असं बघू नकोस,” नवरा म्हणाला. “तुझे दिवस जवळ आलेत, एवढंच.”

तिने हातातली बशी ओट्यावर आदळली. बशी शाबूत राहिली, तिलाच रडू फुटलं. पोट फुगलं होतं, नुसत्या कपड्याच्या स्पर्शाने छाती दुखत होती, झोपेचं पार खोबरं झालं होतं. हे दर महिन्याचंच. पण याच दिवसांत तिला आणखी एक वाटायचं. घरात वावरणारा हा माणूस आपला नवरा नाही. चेहरा तोच, आवाज तोच, तरी कुणी परकाच. आणि नेमका याच दिवसांत तो दुसऱ्या खोलीत आतून कडी लावून झोपायचा.

या वेळी तिने माहेरी जायला बॅग भरून ठेवली, आणि आधी डॉक्टरबाईंना गाठलं.

“चिडचिड, रडू, खारं खावंसं वाटणं, अंग जड होणं, ही नेहमीची लक्षणं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाळी आली की ओसरतील. नवरा परका वाटतो म्हणता? मला तर माझा बाराही महिने वाटतो!” मग हसू आवरून म्हणाल्या, “हे मात्र ओसरलं नाही तर लगेच या. तोवर घर सोडायची घाई नको.”

पाळी आली. पोट उतरलं, दुखणं गेलं, डोकं शांत झालं. नवरा परकाच राहिला.

संध्याकाळी तो तिला कामावरून न्यायला आला. ती कवळ्या बनवायची. फळ्यांवर कितीतरी तोंडांचे प्लास्टरचे दात मांडलेले होते. लग्नाच्या आठवड्यात तिने गंमत म्हणून दोघांच्याही दातांचे ठसे घेऊन तसेच दात घडवून तिथे ठेवले होते.

“हे चाव,” तिने मऊ मेणाची पट्टी पुढे केली.

“पोलिसात भरती झालीस की काय?” तो हसला, आणि चावला.

तिने पट्टी त्याच्या प्लास्टरच्या दातांवर टेकवली. प्रत्येक दात खाचेत चपखल बसला. तसूभर फरक नाही. तोच होता.

“झालं समाधान? आता ती बॅग उपस बाई.”

“थांब, माझेही बघू,” ती डोळे पुसत हसली.

“तुझे कशाला?” त्याचं हसू मावळलं. “चल ना घरी. अगं, चल.”

तिने दुसरी पट्टी चावली आणि शेजारच्या, स्वतःच्या प्लास्टरच्या दातांवर ठेवली.

एकही दात खाचेत बसेना.