शिडीवरचा माणूस

शिडी होती. शिडीवर माणूस नव्हता.

मुद्रितशोधकाने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा चालवलं. नायिका खिडकीपाशी आली, तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि मागच्या भिंतीवर नुसत्या शिडीची सावली पडली. जुन्या सिनेमाची ही नवी, स्वच्छ केलेली आवृत्ती काचेसारखी लख्ख होती. ओरखडा नाही, डाग नाही.

"पुसला लेकाच्यांनी!" दातांचे डॉक्टर करवादले. दुपारी रोगी नसताना त्यांच्याच दवाखान्यात सिनेमा चालला होता. "कानामात्रा, तू पत्र लिहिलं होतंस ना त्यांना?"

कानामात्रा हे मुद्रितशोधकाचं मित्रांनी ठेवलेलं नाव. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचून त्याची नजर सुईसारखी झाली होती, जीभ मात्र जागची हलत नसे. पत्र त्याने लिहिलं होतं. चार वेळा फाडून, पाचव्यांदा, तेही 'तसदीबद्दल क्षमस्व' अशी सुरुवात करून. भिंतीवरच्या माणसाची सावली डाग समजून पुसू नये, एवढंच त्यात होतं. माणूस कोण, हे लिहायचा धीर झाला नव्हता.

ते त्याचे वडील होते. स्टुडिओत दिवे लावायचे. याच प्रसंगाच्या वेळी शिडीवर चढले, वरच विजेचा धक्का बसला आणि संपले. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. जन्मभर दुसऱ्यांवर उजेड पाडला, स्वतःवर पाडायचं राहूनच गेलं. होती ती ही सावली.

आई आता नव्वदीला टेकली होती. डोळे गेले होते, पण गोष्ट तीच सांगायची. "सकाळी म्हणाले, शेवटचा दिवा उतरवला की आलोच. चढले ते उतरलेच नाहीत." मग हसायची. "दाराची कडी कधी वाजवली नाही माणसानं. स्टुडिओतल्या कार्बनच्या दिव्यांच्या काजळीनं हात काळे असायचे ना! पक्कड आपटायचे दारावर, दोनदा. शेजारीण म्हणायची, आला गं तुझा लोहार."

सिनेमाच्या सगळ्या प्रतींत ही सावली सारखी नाही, हा शोध डॉक्टरांचा. बंद पडलेल्या थिएटरांतून त्यांनी सहा प्रतींचे तुकडे मिळवले होते. एकात सावलीचा हात वर, दुसऱ्यात खाली. प्रसंग दोन-तीनदा चित्रित केला असणार आणि कुठल्या प्रतीत कुठला घातला याला धरबंध नसणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. कानामात्रा मान डोलवायचा. प्रत्येक तुकडा सगळ्यांत जुन्या प्रतीशी ताडायचा, फरक टिपायचा आणि पाकिटात घालून ठेवायचा. उभी हयात तेच केलेलं. मुद्रित ताडायचं ते मूळ प्रतीशी. मुद्रितं एकमेकांशी कोण ताडतो?

डॉक्टरांनी सिनेमा स्वच्छ करणाऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला आणि त्याच्या हातात कोंबला. "घे. भांड."

त्याला कुठलं भांडता येतंय? "ताई, ती भिंतीवरची सावली…" एवढ्यावरच घोडं अडलं.

"काका, तुमचं पत्र मी टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं," पलीकडची बाई म्हणाली. "त्या भिंतीला आम्ही हातही लावला नाही. निगेटिव्ह आमच्याकडे आली तेव्हाच शिडी रिकामी होती. आणि मला सांगा, पुसायचंच असतं, तर शिडी कशाला ठेवली असती?"

त्याने फोन ठेवला. डॉक्टर काहीतरी विचारत होते, ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने कपाटातली सहाही पाकिटं काढली आणि तुकडे एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर मांडले. फिल्मच्या कडेला बारीक गोल, चौकोन, त्रिकोण असतात. त्यांवरून ती कोणत्या साली बनली ते कळतं. त्या सालांप्रमाणे त्याने तुकडे लावले. सहाही, एकाशेजारी एक. आयुष्यात पहिल्यांदा.

पहिल्या तुकड्यात माणूस अगदी वर होता, हात दिव्याकडे. दुसऱ्यात हात खाली आला होता. तिसऱ्यात एक पायरी सुटली होती. चौथ्यात, पाचव्यात आणखी. सहावा तुकडा वीस वर्षांपूर्वीचा. त्यात एक पाय जमिनीला टेकला होता, दुसरा अजून शिडीवर होता, आणि हातात पक्कड होती.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुसला नाही, डॉक्टर," कानामात्रा म्हणाला. "उतरला."

"अरे, मग आता आहे कुठे?"

कानामात्राने छत्री तिथेच टाकली आणि घर गाठलं.

तो बाहेर गेला की आई आतून कडी घालायची आणि त्याच्या हाकेशिवाय कोणालाही दार उघडायची नाही. आज दार नुसतं लोटलेलं होतं. दाराच्या फळीवर त्याच्या छातीच्या उंचीला दोन ताजे खळगे पडले होते.

आत पडदे ओढलेले होते, भर दुपारी अंधार होता. आई आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसली होती, केस नीट विंचरून. त्याने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. जन्मभर ज्यासाठी झुरला तो चेहरा एका बोटाच्या अंतरावर होता.

"दिवा नको लावूस," आई हळूच म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

त्याचा हात तसाच राहिला, मग खाली आला. उघड्या दारातून उन्हाची तिरीप आत शिरली होती, ती आईच्या मांडीपर्यंत पोचली होती. तिने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. तळवे मनगटापर्यंत काळे झाले होते.